दार लावून वाचलेली गोष्ट

माझ्या भाचीची पुस्तकं मी पहिल्यांदा हातात घेतली ती तिच्यावर नजर ठेवायला. मे महिन्याची सुट्टी लागली होती. ती दादरला माझ्याकडे राहायला आली होती आणि दिवसभर खिडकीखालच्या दिवाणावर पालथी पडून वाचत असायची. तेरा वर्षांची मुलगी इतकी गप्प कशी राहू शकते, म्हणून ती आंघोळीला गेली की मी पुस्तक उचलून दोन पानं वाचून बघायचे. दोनाची चार झाली, आणि मग मी ऑफिसातून रजा घेतलेली असल्यामुळे उघडउघड वाचायलाच बसले.

“ही मिडल ग्रेड आहेत आणि ही वायए,” तिने मला समजावून सांगितलं. म्हणजे नऊ ते बारा वयाच्या मुलांची एक थप्पी आणि त्यापुढच्यांची दुसरी. मुरांबा आणि लोणचं वेगळ्या बरण्यांत ठेवावं, तसं तिने ते वेगळं ठेवलं होतं. काही इंग्रजी, काही मराठी, पण सगळी अलीकडची. कव्हरवर मुलगी असेल तर ती हमखास पाठमोरी. गोष्ट सांगणारीही तीच, ‘मी दार उघडते, मी बघते’ अशी, जणू सगळं आत्ता आपल्यासमोर चाललंय. प्रकरणं इतकी छोटी की चहा उकळेपर्यंत एक संपतं. या पुस्तकांत कुणाला भूक लागलेली नसते, हे मला फार खटकायचं. गिरणीसंपाच्या दिवसांत वाढलेल्या माणसाचं लक्ष आधी तिकडेच जातं. पण प्रत्येक पुस्तकात कुणीतरी मरतं, किंवा मरायला टेकलेलं असतं. एकात आजोबा, एकात मैत्रीण, एकात कुत्रा. ज्यात कुणी मरत नाही, त्यात आईबाप वेगळे होतात.

“तुमच्या गोष्टींत सारखं कुणीतरी का मरतं गं?” मी विचारलं.

“तुमच्या गोष्टींत नाही मरायचे, आत्या?”

“मरायचे. पण राक्षस मरायचे. आजोबांना कुणी हात लावत नव्हतं.”

ती हसली. त्या सुट्टीत ती फार वेळा हसली नाही, म्हणून ते माझ्या लक्षात राहिलं.

या पुस्तकांचा मला राग येत होता, त्याचं कारण मात्र वेगळं होतं. तिचा बाबा, म्हणजे माझा धाकटा भाऊ, तेव्हा परळच्या एका हॉस्पिटलात होता आणि तो घरी परत येणार नव्हता. पोटाचा कॅन्सर, कळेपर्यंत उशीर झालेला. हे मला माहीत होतं, माझ्या भावजयीला माहीत होतं आणि त्याला स्वतःला माहीत होतं. मुलीला सांगितलं होतं की बाबा नाशिकला साइटवर गेलाय. तो बांधकाम कंपनीत सुपरवायझर होता, लोअर परळला गिरण्यांच्या जागेवर उभे राहिलेले टॉवर त्याच्या डोळ्यांदेखत चढले होते. त्यामुळे साइटवर गेलाय हे कुणालाही पटलं असतं. भावजय दिवसभर त्याच्यापाशी असायची आणि रात्री झोपायला माझ्याकडे यायची. ऑफिसात ऑडिट चाललंय, असं तिने मुलीला सांगितलं होतं. आणि मुलीला गुंतवून ठेवायचं काम माझ्याकडे आलं होतं.

“ताई, तिला काही कळू देऊ नकोस,” भावाने मला शपथ घातली होती. “वाचू दे तिला. वाचायला लागली की ती कुणाची नसते.”

आणि ती वाचत काय होती, तर ही पुस्तकं! आम्ही तिघं मोठी माणसं जिवाचा आटापिटा करून तिच्यापासून जे लपवत होतो, ते ती पुस्तकं तिला तपशीलवार सांगत होती. दुखणं थांबवायला कसलं इंजेक्शन देतात, माणूस शेवटी शेवटी कसा झोपून राहतो, घरातले कोपऱ्यात जाऊन कसे बोलतात. मला वाटायचं, या लेखकांना एकदा घरी बोलवावं, समोर बसवावं आणि विचारावं, की तुम्हाला पोरांसाठी दुसरं काही सुचत नाही का?

तरी माझा मुलांच्या पुस्तकांवरचा राग काही त्या सुट्टीतला नाही. तो लालबागच्या चाळीतला आहे.

संप सुरू होऊन बरेच महिने झाले होते. चाळीतले कितीतरी पुरुष गावाला निघून गेले होते. आज या खोलीतले काका दिसत नाहीत, उद्या त्या खोलीतले. मुलांनी विचारलं की उत्तर एकच, गावाला गेले. माझे वडील गिरणीत मागावर होते. ते गेले नाहीत. मिळेल ते काम करत इथेच राहिले, छातीचं दुखणं अंगावर काढलं, आणि एके दिवशी त्यांना हॉस्पिटलात न्यावं लागलं. तिथून ते चालत परत आले नाहीत.

आमच्या चाळीत एक रीत होती. कुणाच्या घरी मयत झालं की पहिलं काम रडायचं नव्हतं, त्या घरातली लहान मुलं उचलायचं होतं. शेजारची एखादी बाई यायची, मुलांना आपल्या खोलीत न्यायची आणि दार लावून घ्यायची. त्यांना खाऊपिऊ घालायची, गुंतवायची. सगळं उरकलं की मुलांना परत आणायचं आणि सांगायचं, आजी गावाला गेली, काका गावाला गेले. मोठी होतील तसं कळेल आपोआप. यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. ती माया होती, आजही मी तिला मायाच म्हणते.

आमच्या वाट्याला पलीकडच्या खोलीतल्या मावशी आल्या. त्या साताऱ्याकडच्या, त्यांचे यजमान बाबांच्याच गिरणीत. भर दुपारी त्यांनी मला आणि माझ्या सहा वर्षांच्या भावाला हाताला धरून नेलं आणि आतून कडी घातली. चाळीत दिवसाढवळ्या कुणाचं दार लागत नसे, म्हणून ती कडी मला लगेच खटकली. त्यांच्या मुलाला शाळेत बक्षीस मिळालेलं एक चित्रांचं पुस्तक होतं, एका राजाचं आणि त्याच्या तीन मुलांचं. “ऐका रं आता,” म्हणत त्यांनी ते उघडलं आणि वाचायला सुरुवात केली.

इतक्या मोठ्याने बोलताना मी मावशींना कधी ऐकलं नव्हतं. बाहेर गॅलरीत खूप पावलं वाजली. मग आईचा आवाज आला, आणि तो आला तसा मावशींचा आवाज आणखी चढला. राजपुत्र घोड्यावर बसला. राजपुत्र नदीपाशी आला. जोडाक्षर आलं की त्या अडखळायच्या, आणि त्या थांबल्या की तेवढ्यात आईचं रडणं आत यायचं. गोष्ट संपली, पण बाहेरचं संपलं नव्हतं. त्यांनी पान उलटून पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतलं. भाऊ खूश होता, “परत वाचा ना मावशी,” म्हणत होता. मी मावशींकडे बघत होते. राजपुत्राचं लग्न लागत होतं आणि त्यांच्या डोळ्यांतलं पाणी त्या लग्नाच्या चित्रावर पडत होतं.

आम्हाला परत आणलं तेव्हा आमची खोली धुऊन काढलेली होती. आई भिंतीला टेकून बसली होती आणि तिच्या हातात बांगड्या नव्हत्या.

“फुटल्यो,” ती म्हणाली. “आणि बाबा गावाक गेलेत.”

“मला न सांगता?” भाऊ रुसला.

मला फळीवर बाबांची तंबाखूची डबी दिसत होती. बाबा घर विसरले असते, पण डबी विसरून ते खाली नळावरसुद्धा जात नसत. डबी इथे आहे आणि बाबा गावाला आहेत, असं होऊच शकत नव्हतं. मी दहा वर्षांची होते आणि मला कळलं.

दिवसकार्य काळाचौकीला मामाकडे उरकलं. भाऊ वाट बघत राहिला. बाबा येताना काय काय आणतील, ते तो मला रोज सांगायचा, कधी काजू, कधी लाकडाची गाडी. मला रडायची सोय नव्हती, कारण मी रडले असते तर त्याने का म्हणून विचारलं असतं. दिवाळीच्या सुट्टीत आई आम्हाला घेऊन गावी गेली. एसटीतून उतरल्या उतरल्या तो जो सुटला तो थेट घराकडे. खळ्यात भाताची झोडणी चालली होती. त्या माणसांमधून तो ओटीवर चढला, माजघरात गेला, तिथून मागच्या गुरांच्या मांगरात. “बाबा! बाबा!” खळ्यातली झोडणी थांबली. कुणाला काय बोलावं सुचेना. शेवटी एका चुलत्याने त्याला मांगरातून उचलून आणलं आणि कडेवर घेऊनच सांगितलं.

तेव्हापासून कुणी पोरांना मोठ्याने गोष्ट वाचून दाखवू लागलं की मला आधी दार उघडून बघावंसं वाटतं, बाहेर काय चाललंय म्हणून. आणि आता इतक्या वर्षांनी मावशींच्या जागी मीच येऊन बसले होते. फरक एवढाच की पुस्तकातला राजपुत्र गेला होता आणि त्याच्या जागी मरणारी माणसं आली होती.

भाऊ रोज दुपारी मुलीला फोन करायचा. व्हिडिओ नाही, साइटवर नेटवर्क नसतं म्हणून. मी स्वयंपाकघरात भांडी न वाजवता ऐकायचे.

“तिकडे ऊन आहे का रे, बाबा?”

तो काय म्हणायचा ते मला ऐकू यायचं नाही, पण तो थांबत थांबत बोलायचा हे तिच्या चेहऱ्यावरून कळायचं.

“टोपी घालतोस ना? घाल हां.”

फोन ठेवला की ती पुन्हा पुस्तकात तोंड खुपसायची.

मग एके दिवशी तिने आपणहून माझ्या हातात एक पुस्तक दिलं. मराठीच होतं, नवं कोरं. एका बारा वर्षांच्या मुलीची गोष्ट, तिची आई आजारी आहे आणि घरातले सगळे तिच्यापासून ते लपवतायत. मी नाक मुरडलं, पण वाचायला घेतलं. तर ही दर थोड्या वेळाने येऊन विचारायची, “कुठपर्यंत आलीस?”

“शाळेच्या गॅदरिंगपर्यंत.”

“अजून तिथेच? पुढे वाच ना, आत्या.”

एवढा हट्ट ती खाण्यापिण्याच्या बाबतीतही करत नसे. मी वाचत गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्या ठिकाणी पोचले. मुलगी स्वयंपाकघराच्या दाराआडून सगळं ऐकते. मग आत जाते, डबा उघडते आणि म्हणते, मला भूक लागलीय, लाडू कुठे आहेत? आणि घरातले सगळे मनातून सुटकेचा श्वास टाकतात, की चला, हिला काही कळलेलं नाही.

मी पुस्तक खाड्कन मिटलं. “कसली पुस्तकं छापतात ही! एवढ्याशा पोरीने हे सगळं एकटीने सोसायचं? लिहिणाऱ्याला काही वाटत नाही?”

“त्यातल्या मोठ्या माणसांना वाटतं तिला कळत नाही,” ती दिवाणावरून म्हणाली. “सगळ्या पुस्तकांत असंच असतं, आत्या. मोठ्यांनाच सगळ्यात शेवटी कळतं.”

मी तिच्याकडे बघितलं. ती उठून बसली होती.

“बाबाचे साइटवरचे बूट घरी आहेत,” ती म्हणाली. “कपाटात. इकडे यायच्या आधी बघितले मी. हेल्मेट पण तिथेच.”

मी मिटलेलं पुस्तक बाजूला ठेवलं.

“आणि आई मला ओरडायची बंद झाली. मी मुद्दाम दोन दिवस केस नाही विंचरले, काहीच बोलली नाही. पुस्तकात आई ओरडायची बंद झाली ना, की समजायचं.” मग तिने विचारलं, “तो मरणार आहे का?”

मी भावाला शब्द दिला होता. पण समोरच्या मुलीला मी काय सांगणार होते, राजपुत्र घोड्यावर बसला? ‘हो’ म्हणायला मला वेळ लागला, पण मी म्हटलं.

तिने मान हलवली, जणू गणिताचं उत्तर तपासून घेतलं. मग ती म्हणाली, “त्याला सांगू नकोस हां, मला कळलंय म्हणून. त्याला वाटतंय ना मी मजेत आहे. वाटू दे.”

ती रडली नाही. मी तिला जवळ ओढलं तेव्हाही नाही. तेव्हा मला खरी भीती वाटली, कारण असं न रडता राहणं पुढे किती वर्षं टिकतं ते मला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हॉस्पिटलात गेले. भावाचा चेहरा पिवळा पडून आत गेला होता. भावजय औषधं आणायला खाली गेली होती.

“वाचते ना?” त्याने पहिलं तेच विचारलं.

“वाचते. अरे, तिला आता सांगू या. तिला इथे येऊ दे.”

त्याने डोळे मिटले. मला वाटलं दुखतंय, पण तो चिडला होता. “ताई, तुम्हाला सगळ्यांना वाटतं लहानपणी मला फसवलं. मला कुणी फसवलं नाही. त्या दिवाळीपर्यंत मला बाबा होते. तुमचे गेले होते, माझे होते. मी रोज झोपताना त्यांच्याशी बोलायचो. तेवढे दिवस मी तिला देतोय. दुसरं काय आहे माझ्याकडे द्यायला?”

आयुष्यात तो हे कधी बोलला नव्हता. मांगरातलं त्याचं ते ओरडणं मी जन्मभर कानांत घेऊन फिरत होते, आणि तो त्याच्या आधीचे दिवस सांभाळून होता. मला त्याची इतकी माया आली, आणि त्याच वेळी खाटेवर पडलेल्या माणसावर येऊ नये असा राग आला.

“तुला होते,” मी म्हणाले. “मला नव्हते. मी बाबांची डबी बघितली होती फळीवर. तू काजू आणि गाडी सांगायचास, तेव्हा मी तुझ्या शेजारी पडून हूं हूं करत होते. आई तुला सांभाळत होती, शेजारीपाजारी तुला सांभाळत होते, मीही तुलाच सांभाळत होते. मला कुणी जवळ घेतलं नाही. मला कळलंय हे कुणाला कळलंच नाही.”

“कधी बोलली नाहीस.”

“कुणाशी बोलायचं होतं?”

मी खाटेच्या कडेवर टेकले.

“तुझी मुलगी तुझ्यावर नाही गेलेली,” मी म्हणाले. “माझ्यावर गेलीय. तिने तुझे बूट बघितलेत.”

त्याला समजायला थोडा वेळ लागला. मग त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. “म्हणजे ती फोनवर विचारते ते, टोपी घालतोस का...” एवढंच तो बोलू शकला. त्याची पाठ हलत होती आणि त्या पाठीवर हात ठेवायलाही मला जागा सापडत नव्हती, इतकी हाडं. तोंड न वळवताच तो म्हणाला, “घेऊन ये तिला.”

त्याच दुपारी मी तिला घेऊन गेले. तिने वाटेत एक अक्षर काढलं नाही, पुस्तक मात्र छातीशी धरलेलं. वॉर्डात शिरल्यावर ती एकदा थबकली, मग सरळ त्याच्या खाटेशी जाऊन उभी राहिली.

“बूट राहिले बघ घरी,” तो म्हणाला.

“तुझं नेहमीच काहीतरी राहतं,” ती म्हणाली आणि त्याच्या खांद्यात तोंड घालून रडली. भावजयीने तिला आवरायला हात पुढे केला, तो मी धरला.

मग तिने स्टूल ओढलं आणि त्याला ते पुस्तक वाचून दाखवायला लागली, मी मिटलं होतं तिथून पुढे. हळू आवाजात वाचत होती. आजूबाजूला ट्रॉली खडखडत होती, कुणीतरी कण्हत होतं, सिस्टर कुणाला तरी हाका मारत होती, आणि तिने कशावरही आवाज चढवला नाही. एका ठिकाणी ती थांबली. पुढचं पान मी वाचलेलं नव्हतं, पण काय असणार ते आम्हाला सगळ्यांना कळलं.

“थांबू?” तिने विचारलं.

“नको. वाच,” तो म्हणाला.

ती रोज जात राहिली. ते पुस्तक संपलं, तिने दुसरं घेतलं. दुसरं अर्धं राहिलं.

तो गेल्यावर त्याला घरी आणलं ते लालबागला. आमची चाळ पाडून तिथे उभी राहिलेली इमारत, सातवा मजला, शेजार बराचसा जुनाच. पलीकडच्या फ्लॅटमध्ये त्याच मावशींचा मुलगा राहतो. मावशी केव्हाच गेल्या. त्यांची सून आली, बिचारी रडून डोळे लाल झालेली, आणि तिने सवयीने मुलीच्या खांद्यावर हात ठेवला. “चल गं बाळा आमच्याकडे. थोडं खाऊन घे. इथे नको थांबूस.”

मुलीने माझ्याकडे बघितलं.

“ती कुठेही जाणार नाही,” मी म्हणाले. माझा आवाज जरा चढलाच असावा, कारण सगळ्या बायकांनी वळून बघितलं. मावशींच्या सुनेचा हात तसाच राहिला, मग तिने तो मागे घेतला.

मुलगी त्याच्या पायाशी जाऊन बसली. आधी हलकेच म्हणाली, “बाबा.” मग मोठ्याने. भावजयीने हंबरडा फोडला. मी मुलीला धरायला खाली बसले आणि माझ्याच तोंडून आवाज फुटला. मी भावाला हाक मारायला गेले होते, पण तोंडातून आलं ते “बाबा”. चाळीतल्या त्या दुपारी म्हणायचं राहून गेलं होतं ते. ती तिच्या बाबाला हाक मारत होती आणि मी माझ्या, आणि आम्हाला कुणी आत नेलं नाही.